मुंबईत मोकळी जागा कुठे राहिली आणि का

मुंबईत नव्याने राहायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात स्टेशनचा जवळचा रस्ता, किराणावाला आणि दवाखाना शोधून काढतो. बाग मात्र राहून जाते. मूल चालायला लागले, आईवडील गावाहून राहायला आले किंवा डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले की मग तिचा शोध सुरू होतो. मोबाइलवर नकाशा उघडला की हिरवे डाग दिसतात. त्यातला एक डाग क्लबचा निघतो, एक नौदलाचा, एकाच्या फाटकाला दुपारभर कुलूप. आणि ज्या बागेत खरोखर रोज पायी जाता येईल, ती नकाशावर इतकी बारीक असते की नजर तिच्यावरून सहज निघून जाते.

अशा शोधात सर्वांत उपयोगी पडणारा प्रश्न इतिहासाचा आहे, असे माझे मत आहे. ही जागा बांधकामाविना का राहिली? मुंबईत जमिनीचा भाव असा की कोणतीही जागा आपोआप मोकळी राहत नाही. प्रत्येक मैदानामागे, प्रत्येक बागेमागे ठोस कारण असते. कुठे तोफा, कुठे पिण्याचे पाणी, कुठे प्लेग, कुठे कचरा, तर कुठे म्हशी. ते कारण कळले की तशीच दुसरी जागा कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि हातातली जागा कशामुळे जाऊ शकते हेही समजते.

तोफांपासून सुरुवात करू. चर्चगेट स्टेशनातून पूर्वेकडे निघाले की पाचेक मिनिटांत ओव्हल मैदान लागते. त्याच ओळीत कूपरेज, क्रॉस मैदान आणि आझाद मैदान. आज ही चार वेगळी नावे असली तरी मुळात हा एकच पट्टा होता. फोर्टच्या तटाबाहेर शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफांना समोर मोकळा मारा करता यावा म्हणून इंग्रजांनी तो उघडा ठेवला. १८०३ मध्ये कोटाच्या आतल्या वस्तीला भीषण आग लागली, त्यानंतर हा पट्टा आणखी रुंद करण्यात आला. १८६०च्या दशकात तट पाडले, पण पट्ट्याचा मोठा भाग वाचला. आझाद मैदानात आज क्रिकेटच्या २२ खेळपट्ट्या आहेत. रविवारी एका सामन्याचा सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाला पाठ लावून उभा असतो. ओव्हलची तर मध्यंतरी पार रया गेली होती. आसपासच्या रहिवाशांनी १९९०च्या दशकात न्यायालयात धाव घेतली, देखभालीची जबाबदारी घेतली आणि मैदान पुन्हा उभे केले. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हटले, त्या समूहाच्या मधोमध हेच मैदान आहे. एका बाजूला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला १९३०च्या दशकातल्या गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती. मधले मैदान नसते तर या दोन्ही रांगा एका नजरेत मावल्याच नसत्या.

तोफांचे कारण आणखी कुठे लागू पडते? शीवचा किल्ला सतराव्या शतकात इंग्रजांनी आपल्या हद्दीच्या टोकाला बांधला. त्याच्या पायथ्याशी आज नेहरू उद्यान आहे आणि वर चढून गेले की खाडीच्या दिशेने मोकळा वारा लागतो. पुण्यात कॅम्पात, देवळालीत, अहिल्यानगरला राहणाऱ्यांनी आपापल्या छावणीच्या कडा पाहाव्यात. लष्करी वस्तीच्या काठाने जुनी झाडे हमखास टिकून असतात.

पाण्याचे कारण सर्वांत मोठे, कारण मुंबईचे सर्वांत मोठे जंगल त्याच्यामुळेच आज आहे. विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला आणि शहराला नळाने पाणी मिळू लागले. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. या दोन तलावांत पावसाचे स्वच्छ पाणी उतरायचे तर भोवतालच्या डोंगरांवर वस्ती, शेती, गुरेढोरे नकोत, म्हणून पाणलोटाचे क्षेत्र राखून ठेवले गेले. त्या राखलेल्या डोंगरांभोवतीच पुढे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. आज ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंना वस्ती येऊन भिडली आहे. बोरिवली पूर्वेला स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर मुख्य फाटक आहे, ठाणेकरांना येऊरची बाजू जवळ पडते. सोमवारी उद्यान बंद असते, एवढे मात्र निघण्यापूर्वी लक्षात ठेवावे.

याच उद्यानातली कान्हेरी लेणी पाहायला जाणारे बहुतेक जण मोठा चैत्य आणि बुद्धाच्या उंच मूर्ती पाहून परततात. पावसाळ्यात गेलात तर थोडे खाली वाकून कातळाकडे पाहा. इथे शंभरावर लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून साधारण हजार वर्षे ती खोदली जात होती. जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी पाण्याची पोढी आहे, म्हणजे कातळात खोदलेले टाके. वरच्या उतारावर बोटभर ते वीतभर रुंदीचे चर कोरलेले आहेत. सरीचे पाणी या चरांतून वळत वळत येते आणि टाक्यात पडते. मध्ये एखादे खोलगट भांडे कोरलेले असते, त्यात गाळ बसतो आणि वरचे नितळ पाणी पुढे जाते. विहार तलाव बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या कितीतरी शतके आधी याच डोंगरात भिक्खूंनी पाण्याची सोय केली होती, आणि तीही याच हिशोबाने: उतार स्वच्छ ठेवा, पाणी आपोआप मिळेल. याच उतारांवर कारवीची झुडपे आहेत. ती वर्षानुवर्षे नुसती वाढत राहतात आणि आठव्या वर्षी एकदम जांभळी फुलतात. २०१६ मध्ये उद्यानात असा बहर आला होता, त्यानंतर २०२४ मध्ये.

पाणी साठवायला उंच जागा लागते, हे मनात ठेवून शहरातल्या टेकड्या पाहिल्या की आणखी बागा सापडतात. मलबार हिलवरची हँगिंग गार्डन, म्हणजेच फिरोजशहा मेहता उद्यान, एका मोठ्या जलाशयाच्या छतावर आहे. आतल्या पाण्यावर दक्षिण मुंबईचे नळ अवलंबून असतात. छतावर खोल मुळांचे महावृक्ष परवडत नाहीत, तिथे हिरवळ, फुलझाडे आणि कापून-छाटून प्राण्यांच्या आकाराची केलेली झुडपे शोभतात. लहानपणी सहलीत पाहिलेले ते हिरवे प्राणी अनेकांना आठवत असतील. रस्त्यापलीकडे १९५२ सालचे कमला नेहरू पार्क आणि त्यातला म्हातारीचा बूट. २०२३ मध्ये हा जलाशय पाडून नवा बांधण्याचा महापालिकेचा विचार पुढे आला, तेव्हा बाग बंद होणार आणि शेकडो झाडांवर कुऱ्हाड येणार म्हणून लोकांनी जोरदार विरोध केला. तेव्हा कुठे अनेकांना कळले की आपण इतकी वर्षे पाण्याच्या टाकीवर फिरत होतो.

माझगावची भंडारवाडा टेकडी मात्र फार थोड्यांना माहीत आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून चढण चढली की वर पुन्हा जलाशय आणि त्याच्या माथ्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि मुंबईचे महापौर राहिलेल्या काका बॅप्टिस्टांचे हे नाव. वरून बंदर दिसते, क्रेन दिसतात, हार्बर लाइनची गाडी खालून जाते. मलबार हिलला परगावचे पाहुणे येतात, इथे बहुतेक माझगावकरच असतात, आणि संध्याकाळी बसायला बाक मिळतो. ‘पाण्याची टाकी कुठे आहे?’ या एका प्रश्नाने अशी बाग हाती लागते.

प्लेगाची गोष्ट वेगळी. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. हा रोग प्लेगच आहे हे निदान करणारे डॉ. अकासियो व्हिएगास मूळचे गोव्याचे. दाटीवाटीच्या चाळींमध्ये हवा आणि ऊन पोचत नाही, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढणे आणि उत्तरेला नवी वस्ती वसवणे हे त्याचे काम. दादर, माटुंगा, शीव हा भाग या आखणीतून आला. पारशी कॉलनीतले फाइव्ह गार्डन्स त्यातलेच. ट्रस्टमध्ये इंजिनिअर असलेल्या मंचेरजी जोशींनी मध्यमवर्गीय पारशांसाठी भूखंड राखून घेतले, इमारती ठेंगण्या ठेवल्या आणि झाडांकडे जातीने लक्ष दिले. बागांना आज त्यांचेच नाव आहे. एका मोठ्या बागेऐवजी रस्त्यांच्या भोवती विखुरलेले पाच तुकडे केल्यामुळे जास्त घरांच्या दारासमोर हिरवळ आली. बागेची आखणी करणाऱ्यांनी आजही इथे येऊन पाहावे, इतके हे साधे आणि नामी काम आहे.

जवळच शिवाजी पार्क. महापालिकेने १९२५ मध्ये हे मैदान लोकांना खुले केले, तेव्हा ते माहीम पार्क होते. १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या सूचनेवरून त्याला महाराजांचे नाव दिले गेले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, दसरा मेळावे, पोरांचे क्रिकेट आणि कट्ट्यावरच्या गप्पा, सगळे याच मातीवर झाले.

कचऱ्यातून जंगल उभे राहते यावर विश्वास बसत नसेल तर धारावीला जा. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी बस आगाराजवळ, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ३७ एकरांची ही जागा १९७०च्या दशकापर्यंत शहराचा कचरा टाकण्याचे ठिकाण होती. कचरा टाकणे बंद झाल्यावर तिथे माती घातली गेली. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते झाड लावले गेले आणि १९९४ मध्ये वसुंधरा दिनी उद्यान लोकांसाठी उघडले. आत शिरल्यावर शंभर पावलांतच रस्त्यावरचे हॉर्न विरळ होतात. वर झाडांच्या माथ्यांची गच्च छत्री, खाली पालापाचोळ्यात सळसळणारे सरडे, कडेला खाडीचे तिवर. फुलपाखरे पाहायची तर पाऊस संपता संपता सकाळी जावे. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. त्याच्या शेजारच्या गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीत मुलांना खेळायला जागा नाही. धारावीजवळ जे जमले ते तिथेही जमू शकते, ही आशा मी सोडलेली नाही.

म्हशींमुळे राहिलेली जागा म्हणजे आरे. शहरभर पसरलेले गोठे एका ठिकाणी हलवण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला दूध वसाहत उभारली, चराईसाठी तीन हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. म्हशींच्या कुरणांमुळे राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेला लागून हा हिरवा पट्टा टिकला. २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली दोन हजारांवर झाडे रात्रीतून तोडली गेली तेव्हा सारे शहर हादरले. २०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जागा वन म्हणून राखण्याचा निर्णय झाला.

मुळात बाग म्हणूनच केलेली बाग म्हणाल तर राणीची बाग, आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला ती १८६२ मध्ये सुरू झाली. त्याआधी पश्चिम भारतातल्या कृषी-उद्यान संस्थेची बाग शिवडीला होती. ती जमीन दफनभूमीसाठी गेली, आणि भायखळ्याची बाग उभी राहिली. लोक इथे प्राण्यांसाठी येतात, पेंग्विनसाठी रांग लावतात. माझी कळकळीची विनंती आहे की एक फेरी फक्त झाडांसाठी मारा. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे, जिचे खोड चार माणसांच्या कवेत मावत नाही आणि जिची पांढरी फुले रात्री उमलतात. कृष्णवड आहे, त्याच्या पानाचा देठाकडचा भाग दुमडून द्रोण झालेला असतो.

थंडी ओसरू लागली की उर्वशी शोधावी. ब्रह्मदेशातून आलेला हा वृक्ष. फांदीला हातभर लांबीचे तुरे खाली लोंबतात आणि प्रत्येक तुऱ्यात लाल फुले एकाखाली एक अंतर राखून लटकलेली असतात. फूल हातात न धरता खालून वर पाहावे. वरच्या पाकळीच्या टोकाला हळदी रंगाचा ठिपका दिसतो. कोवळी पाने जन्मतः हिरवी नसतात. तांबूस, मऊ झालर फांदीच्या टोकाला काही दिवस तशीच ओघळलेली राहते, मग ताठ होते आणि हिरवी पडते. लागवडीतल्या उर्वशीला शेंग क्वचितच धरते, म्हणून माळी तिची गुटी बांधून रोपे करतात. २००७ पासून प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचे मोठे बेत येऊ लागले, तेव्हा काही मुंबईकर स्त्रियांनी या झाडांच्या बाजूने चिकाटीने लढा दिला. झाडांच्या नोंदी केल्या, लोकांना बागेत फिरवून झाडे दाखवली. बुधवारी ही बाग बंद असते.

पण घराजवळचे काय? राणीची बाग किंवा बोरिवलीचे जंगल रविवारचे. रोजची हिरवळ चालत जाण्याच्या टप्प्यात हवी. नगरवनशास्त्राचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये सोपा ठोकताळा मांडला: घराच्या खिडकीतून निदान ३ झाडे दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी, आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. खिडकीतले झाड ही चैन नव्हे. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत असे दिसले की आठवड्यात एकूण निदान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात. ती मिनिटे एका दमात असोत की रोज थोडी थोडी, फरक पडत नव्हता. मुंबईत मात्र माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे विकास आराखड्याच्या वेळी आढळले होते. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूत्रांत १० ते १२ चौरस मीटर सांगितले आहेत.

म्हणून रोजची बाग शोधताना मोबाइल नकाशाबरोबर विकास आराखडा उघडावा. मुंबईचा आराखडा २०३४ सालापर्यंतचा आहे आणि त्याचे विभागवार नकाशे महापालिकेच्या संकेतस्थळावर आहेत. त्यात ई.ओ.एस. या खुणेने अस्तित्वातल्या मोकळ्या जागा दाखवल्या आहेत आणि आर.ओ.एस.ने आरक्षित. खुणेपुढे १.४ असेल तर खेळाचे मैदान, १.५ असेल तर बाग. आपली इमारत शोधावी, तिच्याभोवती ३०० मीटरचे वर्तुळ कल्पावे आणि त्यातल्या खुणा कागदावर उतरवून पायी निघावे. कागदावर १.५ आहे आणि समोर बाग आहे, पण फाटकावर फक्त सभासदांसाठी अशी पाटी आहे, असे आढळेल. कुठे आरक्षित भूखंडावर गॅरेज आणि भंगाराची दुकाने असतील. आणि एखाद्या वळणावर, ज्या गल्लीतून आपण कधी गेलोच नाही तिथे, वडाचा पार, दोन झोके आणि शांत बसलेली चार वयस्क माणसे अशी एक चोख छोटी बाग सापडेल. वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान खात्याला विचारले तर तिच्या उघडण्याच्या वेळा कळतात. त्याहून खात्रीची माहिती तिथला माळी देतो.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, कुठेही राहत असलात तरी ही पद्धत लागू आहे. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार गावोगावच्या नगरपालिका आणि महानगरपालिका विकास आराखडे करतात आणि त्यात बागांची आरक्षणे असतात. याच कायद्याचे १२७ वे कलम प्रत्येक रहिवाशाला माहीत असायला हवे. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. कागदावरची बाग अशी कोणाच्या नकळत पुसली जाते. आपल्या वर्तुळातल्या अशा भूखंडाचे पुढे काय झाले हे विचारायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज पुरतो. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा, आरक्षणाचा क्रमांक आणि खूण स्पष्ट लिहावी, आणि तीन गोष्टी मागाव्यात: जमीन ताब्यात आली का, मालकाची १२७ खालची नोटीस आली आहे का, आणि आली असल्यास कोणत्या तारखेला. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.